लेझरसाठी डाय मागवण्यापूर्वी

"द्रावण चांगलं लालभडक झालंय, पण झोत काही निघत नाही." कॉलेजच्या प्रयोगशाळांतून आम्हाला असे फोन येतात, म्हणून नाशिकच्या सातपूरहून निघणाऱ्या डायच्या (प्रकाश शोषून चमकणाऱ्या, लेझरमध्ये वापरायच्या रंगद्रव्याच्या) प्रत्येक बाटलीसोबत हे पत्रक देतो.

तुमच्या कपाटात फिनॉल्फ्थॅलीन असेलच. अल्कलीत ते सुरेख गुलाबी होतं, पण चमकत नाही. शेजारी फ्लुओरेसिन या डायचं किंचित अल्कधर्मी, पातळ द्रावण ठेवा आणि निळ्या एलईडीचा टॉर्च मारा. हिरवा उजेड लगेच डोळ्यांत भरतो. दोन्ही रेणूंचा सांगाडा जवळपास सारखाच. फ्लुओरेसिनमध्ये मात्र ऑक्सिजनचा एक अणू दोन कड्यांना पुलासारखा घट्ट बांधून ठेवतो. फिनॉल्फ्थॅलीनमध्ये हा पूल नाही. कडी मोकळी डोलतात आणि शोषलेली ऊर्जा उष्णतेत जाते.

लेझरमध्ये उत्तेजित रेणूजवळून योग्य तरंगलांबीचा प्रकाश गेला, की रेणू आपली ऊर्जा त्याच प्रकाशात घालतो आणि झोत वाढत जातो. तोवर ती ऊर्जा रेणूत टिकायला हवी.

पहिल्या प्रयोगासाठी आम्ही ऱ्होडामाइन ६जी सुचवतो. त्यातही ऑक्सिजनचा पूल आहे. इथेनॉलमध्ये शोषलेल्या १०० फोटॉनमागे सुमारे ९५ प्रकाशरूपात परत मिळतात आणि ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर त्याला उत्तेजित करायला उत्तम चालतो. ऱ्होडामाइन बीमध्ये पूल असला, तरी नायट्रोजनवरचे इथिल गट फिरू शकतात. द्रावण तापलं की चमक उतरते. मे महिन्यात नाशकात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा हे जाणवतं. ऱ्होडामाइन १०१ मध्ये नायट्रोजन कड्यांतच जखडलेला असतो, त्यामुळे ते उन्हाळ्यातही हटत नाही. महाग आहे, पण मोजमापं घ्यायची असतील तर तेच घ्या.

इओसिन लेझरसाठी मागवू नका. ते म्हणजे चार ब्रोमीन लावलेलं फ्लुओरेसिन. जड ब्रोमीनमुळे बरेच रेणू ट्रिपलेट नावाच्या, लगेच प्रकाश न देणाऱ्या अवस्थेत अडकतात आणि झोताच्या उपयोगाचे राहत नाहीत.

आता त्या लालभडक द्रावणाचं. पाण्यात ऱ्होडामाइन दाट झालं की रेणू जोडीजोडीने चिकटतात. अशी जोडी प्रकाश गिळते, देत नाही. ६जी इथेनॉलमध्ये, लिटरला ४८ मिलिग्रॅमपासून सुरू करा.

हातमोजे आणि लेझरचा चष्मा घाला, इथेनॉल ज्योतीपासून लांब ठेवा. उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतू नका, ते शेवटी गोदावरीतच जातं. झाकणबंद बाटलीत वेगळं जमवा आणि रासायनिक कचऱ्यात द्या.