विद्यार्थ्यांचा पॉप म्युझिक व्हिडिओ : संकेत पाळणे आणि मोडणे (गोव्याच्या संदर्भात)

माध्यम-अभ्यासाचा भाग म्हणून विद्यार्थ्यांच्या गटाने एखाद्या पॉप गाण्यावर केलेली तीन-चार मिनिटांची चित्रफीत, आणि ती करताना या प्रकाराचे ठरलेले संकेत, म्हणजे रूढ पद्धती, कुठे पाळायच्या व कुठे मोडायचे याचा जाणीवपूर्वक केलेला विचार, हा या नोंदीचा विषय आहे. ब्रिटनमधील ए-लेव्हलच्या (शालान्त टप्प्यावरच्या परीक्षेच्या) माध्यम-अभ्यासक्रमात हा विचार परीक्षेपर्यंत पोहोचला. बाजारातल्या माध्यमकृतींचे संकेत तुम्ही तुमच्या कृतीत कसे वापरलेत, कसे पुढे नेलेत किंवा त्यांना कसे आव्हान दिलेत, अशा आशयाचा प्रश्न विद्यार्थ्याला स्वतःच्याच व्हिडिओबद्दल सोडवावा लागे. गोव्यात या प्रश्नाला वेगळे वजन येते. हिंदी चित्रपट, जाहिराती आणि पॉप व्हिडिओ यांनी मिळून गोव्याचाच एक संकेत करून टाकला आहे. त्यामुळे फोंड्याच्या किंवा डिचोलीच्या मुलामुलींनी कॅमेरा हातात घेतला, की गाण्याच्या संकेतांआधी त्यांची गाठ आपल्याच गावाच्या ठराविक चित्राशी पडते.

संकेत

गोमंतकीय प्रेक्षकाला संकेत नवे नाहीत. दशावतारात रंगमंचावर एक बाक असतो. राजा त्यावर बसला की ते सिंहासन होते, आणि कोणी त्याबद्दल शंका काढत नाही. भरताच्या नाट्यशास्त्राने लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असा भेद केला, त्यातला नाट्यधर्मी म्हणजे हाच अलिखित करार. तियात्राचे, म्हणजे गोव्याच्या कोकणी गाण्यांच्या नाटकाचे, उदाहरण म्युझिक व्हिडिओला आणखी जवळचे आहे. १८९२ मध्ये मुंबईत पहिला तियात्र रंगला तेव्हापासून हा प्रकार गोवेकरांच्या अंगवळणी पडला आहे. त्यात दोन प्रवेशांच्या मधे पडद्यापुढे येऊन गायक कांतारां (गाणी) म्हणतात आणि त्यांचा कथानकाशी काही संबंध असावा लागत नाही. कथा एकीकडे, गाणे दुसरीकडे, आणि रात्र मात्र एकच. ज्या मुलांनी हे लहानपणापासून पाहिले आहे, त्यांना पॉप व्हिडिओत गाण्याचे शब्द आणि पडद्यावरचे चित्र वेगवेगळ्या वाटांनी का जातात हे समजावून सांगावे लागत नाही. वर्गात मात्र या अनुभवाची आठवण फार क्वचित काढली जाते, याचे वाईट वाटते.

चित्रपट-अभ्यासक स्टीव्ह नील यांनी १९८० मध्ये मांडले, की कलाकृतींचा कोणताही प्रकार (जॉनर) पुनरावृत्ती आणि फरक या दोन्हींवर जगतो. नुसती पुनरावृत्ती झाली तर प्रेक्षक कंटाळतो आणि नुसताच फरक असला तर आपण काय पाहतो आहोत हेच त्याला कळत नाही. अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ मध्ये म्युझिक व्हिडिओचा विचार करताना शब्द आणि चित्र यांच्या नात्याचे तीन प्रकार सांगितले : चित्र शब्दांनाच दाखवते, चित्र शब्दांत भर घालते, किंवा चित्र शब्दांपासून फटकून राहते. गायकाचे क्लोज-अप, पाहणे आणि पाहिले जाणे यांचा खेळ, प्रत्येक संगीतप्रकाराची आपली वेगळी दृश्यशैली आणि इतर कृतींचे संदर्भ हेही त्यांनी नोंदवले. जगभरच्या वर्गांत ही यादी आजही फळ्यावर लिहिली जाते.

यादी पाठ करून भागत नाही. संकेतामागचे कारण कळावे लागते. क्लोज-अप हा पॉप व्हिडिओचा कणा झाला, कारण रेकॉर्ड कंपनीला गाण्याइतकाच गायकाचा चेहरा विकायचा होता. व्हिडिओ ही मुळात जाहिरात होती. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाल्यावर या जाहिरातीला चोवीस तासांचे घर मिळाले. भारतात चॅनल व्ही १९९४ मध्ये आणि एमटीव्ही १९९६ मध्ये आले, आणि इंडीपॉपचे (भारतीय पॉप संगीताचे) चेहरे घरोघरी पोहोचले. विद्यार्थ्यांना मात्र कोणाचाच चेहरा विकायचा नसतो. मग त्यांनी क्लोज-अप का घ्यावा? या प्रश्नाला ज्या गटाकडे उत्तर असते, त्याच्या कामात पहिल्या मिनिटापासून फरक दिसतो. १९९० मध्ये आयर्लंडची गायिका शिनेड ओकॉनर हिच्या एका व्हिडिओत दिग्दर्शक जॉन मेबरी यांनी जवळजवळ पूर्ण वेळ फक्त तिचा चेहरा ठेवला. शेवटाकडे तिच्या गालावरून अश्रू ओघळतात. चेहरा दाखवण्याचा संकेत इतक्या टोकाला जाऊन पाळला, की पाळण्यातूनच तो मोडला गेला. संकेताला छेद देण्याची ही वाट विद्यार्थ्यांना सहसा सुचत नाही. त्यांना वाटते, की मोडायचे म्हणजे उलटे करायचे.

मोडण्याआधी मांडणे

विद्यार्थ्यांच्या व्हिडिओंत एक दोष वारंवार आढळतो. जे जमले नाही त्याला नंतर ‘आव्हान’ म्हटले जाते. ओठ जुळले नाहीत, की ‘आम्ही लिप-सिंकचा (गाण्याशी ओठ जुळवण्याचा) संकेत नाकारला’ असे अहवालात लिहिले जाते. हा बचाव टिकत नाही, कारण संकेत मोडला हे प्रेक्षकाला कळण्यासाठी तो आधी त्याच व्हिडिओत उभा करावा लागतो. पहिल्या कोरसला (ध्रुवपदाला) प्रत्येक ठेक्यावर कट दिला असेल, तरच दुसऱ्या कोरसला वीस सेकंद न हलणारा एकच शॉट धक्का देतो. तबल्याच्या साथीला बसलेल्या माणसाला हे लगेच पटेल. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आहे हे ऐकणाऱ्याच्या मनात पक्के बसलेले असते म्हणूनच समेच्या अलीकडे-पलीकडे दिलेल्या अतीत-अनागताच्या आघाताला दाद मिळते. लयीवरच्या असामान्य प्रभुत्वासाठी आजही आठवले जाणारे खाप्रूमामा पर्वतकर गोव्याचेच. संकलनाच्या टेबलावर बसलेल्या मुलांना परदेशी पुस्तकाआधी त्यांच्याबद्दल सांगायला हवे.

ठेक्यावर कट देण्याचे गणित साधे आहे, तरी बहुतेक गट त्यात फसतात. गाण्याची गती मिनिटाला १२० ठोके असेल तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा होतो. सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) चित्रण केले असेल तर प्रत्येक ठोक्याला नेमक्या १२ चौकटी येतात, आणि ३० चौकटींनी केले असेल तर १५. पण २५ चौकटींवर एका ठोक्याला साडेबारा चौकटी येतात, आणि अर्धी चौकट कापता येत नाही. त्यामुळे एकाआड एक कट किंचित मागे-पुढे पडतो. डोळ्याला नेमके काय खटकले हे कळत नाही, पण खटकते. त्यात मोबाइल बऱ्याचदा बदलत्या गतीने चित्रण करतो. मग पहिल्या कडव्यात जुळलेले ओठ शेवटच्या कडव्यापर्यंत सुटत जातात. चित्रणाआधी चौकटींची गती एका आकड्यावर बांधून घेणारे अॅप वापरले, तर हा त्रास वाचतो.

आणखी एक अडचण मोकळ्या जागेतली. गाणारी मुलगी धक्क्यावर उभी आहे, स्पीकर तिच्या पायाशी आहे आणि कॅमेरा चौतीस मीटरवर. तेवढे अंतर कापायला आवाजाला सुमारे एक दशांश सेकंद लागतो. म्हणजे कॅमेऱ्याच्या माइकवर गाणे दोन-तीन चौकटी उशिरा नोंदले जाते, आणि त्या आवाजाशी मूळ गाणे जुळवले की ओठ पुढे धावताना दिसतात. अशा वेळी आवाज बाजूला ठेवून ओठांकडे पाहावे. ‘प’, ‘ब’, ‘म’ यांना ओठ मिटतात, त्या चौकटी शोधून जुळवावे.

संथ गतीतही ओठ जुळलेले ठेवायचे असतील, तर गाणे दुप्पट वेगाने वाजवून त्यावर गायचे, चित्रण सेकंदाला ५० चौकटींनी करायचे आणि ते २५ वर चालवायचे. केस आणि लाटा संथ होतात, ओठ मात्र मूळ गाण्याशी जुळतात. विकत घेतल्यासारखा दिसणारा हा परिणाम फुकट मिळतो.

गोवा हाच संकेत

पर्यटकाच्या कॅमेऱ्यातल्या गोव्यात समुद्र, भाड्याची स्कूटर, पांढरे चर्च, बाटली, फ्रॉक घातलेली मुलगी आणि माडांच्या दोन रांगांमधून जाणारा रस्ता हे सगळे ठरलेले असते. २००१ च्या ‘दिल चाहता है’ या हिंदी चित्रपटानंतर चापोऱ्याच्या किल्ल्यावर त्यातल्यासारखेच बसून फोटो काढणाऱ्यांची रीघ लागली. बार्देशातल्या पर्रा गावात माडांच्या रस्त्यावर इतकी गर्दी होऊ लागली, की पंचायतीने चित्रणासाठी शुल्क लावून पाहिले आणि मग टीकेनंतर ते मागे घेतले. पणजीच्या फोन्तेन्हास या जुन्या वस्तीत लोकांच्या खिडकीखाली दिवसभर कोणीतरी पोझ देत उभे असते, आणि तिथले रहिवासी त्याला कंटाळले आहेत. इथे संकेत पाळण्याचा बोजा खऱ्या माणसांच्या उंबरठ्यावर पडतो. गोव्यातल्या विद्यार्थ्याने ठरावीक चौकट नाकारण्यामागे सौंदर्यदृष्टीइतकाच शेजारधर्मही आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

मग मोडायचे कसे? चर्चच्या जागी मंगेशीची दीपमाळ आणली की काम झाले, असे काही गट समजतात. त्याने एका पोस्टकार्डाच्या जागी दुसरे पोस्टकार्ड येते, एवढेच. शॉटची रचना, प्रकाश आणि पाहण्याची नजर तीच राहते. खरा फरक तीन ठिकाणी पडतो : ऋतू, काम आणि माणसे.

ऋतूचे पाहा. पर्यटकाच्या व्हिडिओत गोव्यात कायम डिसेंबर असतो. जूनमध्ये शॅक (किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खाणावळी) मोडलेले असतात, १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते, होड्या काठावर झाकून ठेवलेल्या असतात आणि समुद्र मातकट होतो. प्रेमाच्या उडत्या पॉप गाण्याला तो राखाडी किनारा दिला, की गाण्याचा एकही शब्द न बदलता अर्थ बदलतो. गुडविन यांनी सांगितलेला फटकून राहण्याचा प्रकार तो हाच. याच दिवसांत २४ जूनला सांजांव हा सेंट जॉनचा सण येतो आणि डोक्यावर पानाफुलांचे कोपेल (मुकुट) घातलेली मुले विहिरीत उड्या मारतात. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला रंगतो. मात्र उत्सवाला पार्श्वभूमी म्हणून वापरू नये. चिखलात खेळणाऱ्यांच्या मधे आपली गायिका स्वच्छ कपड्यांत उभी केली, की ते लोक तिच्या गाण्याची सजावट होऊन बसतात. तिला चिखलात उतरायचे नसेल तर कॅमेराही आणू नये.

कामाचे उदाहरण डिचोली-सांगेच्या खाणपट्ट्याचे. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणकाम थांबले तेव्हा रांगेने उभे राहिलेले ट्रक तिथल्या मुलांनी रोज पाहिले आहेत. पॉप व्हिडिओत गाडी म्हणजे वेग आणि ऐट. न हलणाऱ्या ट्रकच्या टपावर बसून गाणारा मुलगा तो संकेत हात न लावता मोडतो.

फेरीबोटीचा एक शॉट जरा जवळून पाहण्यासारखा आहे. दिवाडीला जाणाऱ्या फेरीबोटीत स्कूटरवाले, मासळीची टोपली घेतलेली बाई आणि गणवेशातली मुले उभी आहेत. मधे गायिका आहे, पण तिला मोकळी जागा करून दिलेली नाही. तीही इतरांसारखी दांड्याला धरून आहे. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर, म्हणजे संकेत पाळलेला. ती ध्रुवपदाच्या आधी थांबते, बोट काठाला टेकते, रॅम्प काँक्रीटवर आपटतो आणि तो आघात नेमका कोरसच्या पहिल्या ठोक्यावर येतो. सगळे उतरू लागतात. संकेताप्रमाणे इथे कॅमेऱ्याने तिच्यामागे जायला हवे. तो जात नाही, रिकाम्या होणाऱ्या बोटीत थांबतो, आणि कोरस रिकाम्या लोखंडी तळावर वाजत राहतो. आधी पाळले म्हणून नंतरचे मोडणे ठसते. रॅम्पचा आवाज मात्र त्याच दिवशी वेगळा, जवळ माइक धरून घ्यावा. गाण्यात मिसळताना तोच उपयोगी पडतो.

परवानगी, हक्क आणि स्वतःचे गाणे

गोव्यात चित्रीकरणाच्या परवानग्यांचे काम एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा पाहते. २००४ पासून गोव्यात होणाऱ्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या आयोजनातही याच संस्थेचा वाटा असतो. दाबोळीला नौदलाचा तळ आणि मोपाला नवा विमानतळ असल्याने ड्रोन उडवण्याआधी नकाशा पाहावाच लागतो. देऊळ, चर्च किंवा कोणाचे अंगण असेल तर आधी जाऊन विचारावे, आणि तेही कॅमेरा न घेता.

दुसऱ्याचे गाणे वापरण्याबाबत मुलांचा गोंधळ होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले कलम ५२ शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात, तिथले शिक्षक-विद्यार्थी आणि पालक अशा मर्यादित प्रेक्षकांपुढे केलेल्या सादरीकरणाला मोकळीक देते. तोच व्हिडिओ यूट्यूबवर चढवला की ती मोकळीक उरत नाही, आणि गाणे ओळखणारी यंत्रणा काही मिनिटांत हक्कधारकाचा दावा लावू शकते.

म्हणून काही गट गाणेही स्वतःच करतात. गोव्यात याला जुना दाखला आहे : १९८० च्या दशकात रेमो फर्नांडिस यांनी शिवोलीच्या घरी गाणी ध्वनिमुद्रित करून कॅसेट स्वतः विकल्या. आज एक फोन आणि गाद्या-चादरी टांगलेली खोली पुरते. ठेक्यासाठी तयार लूप घेण्याऐवजी घरातले घुमट हे मातीचे चर्मवाद्य घ्यावे. पूर्वी त्याच्या तोंडावर घोरपडीचे कातडे ताणत. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झाले आणि आता बकरीचे कातडे लावतात. पावसाळ्यात ते सैल पडते आणि नाद उतरतो, म्हणून ध्वनिमुद्रणाआधी ऊब देऊन ताणून घ्यावे लागते. मातीच्या भांड्याची मागची बाजू उघडी असते आणि हाताने ती झाकत-उघडत नाद बदलता येतो. त्यामुळे एक माइक कातड्यापुढे आणि दुसरा त्या मागच्या तोंडाशी असे दोन ठेवावेत. गणपतीच्या आरत्यांना हे वाजवणारे कोणी ना कोणी वर्गात असतेच.