ग्रिलवर लाकूड परत कसे आले: ढलप्यांच्या धुराची पार्श्वभूमी

कोळशाच्या निखाऱ्यांवर भाजलेल्या पदार्थाला लाकडाच्या धुराची चव फारशी लागत नाही, हे सांगितले तर अनेकांना पटत नाही. कोळसा लाकडाचाच तर असतो! पण हवा तोडून लाकूड भट्टीत तापवले की त्यातले वायुरूप होणारे बहुतेक घटक तिथेच निघून जातात आणि मागे मुख्यतः कार्बन उरतो. म्हणूनच नीट फुललेला निखारा जवळजवळ धूर न करता जळतो. चव देणारे घटक नेमके त्या निघून गेलेल्या भागात असतात. ग्रिल करताना मूठभर ढलप्या, म्हणजे बाजारातल्या वुड चिप्स, टाकायची गरज इथून निर्माण झाली.

लाकूड हेच जळण होते तोवर धूर आणावा लागत नव्हता, तो चुकवणेच अवघड होते. त्याचे मोठे काम चवीचे नव्हते, टिकवण्याचे होते. धुरातली फॉर्माल्डिहाइड आणि फिनॉल ही रसायने जिवाणूंना अटकाव करतात, फिनॉलमुळे चरबी लवकर खवट होत नाही, आणि सोबत मीठ व वाळवण असेच. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक काटक्यांच्या उंच मांडणीला ज्या नावाने ओळखत, त्यावरून स्पॅनिशमध्ये ‘बार्बाकोआ’ आणि पुढे ‘बार्बेक्यू’ हा शब्द आला. ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या तुपी भाषेतून फ्रेंचांनी उचललेला ‘बुकां’ हा शब्दही अशाच मांडणीचा. 17 व्या शतकात कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटावर तिच्यावर मांसाला धुरी देणारे शिकारी पुढे समुद्री लुटारू झाले आणि ‘बकनिअर’ हे नाव त्यांना तिथूनच चिकटले.

धूर लाकडापासून वेगळा करता येतो, हे 1895 च्या सुमारास अमेरिकेत अर्नेस्ट राइट यांनी व्यापारात उतरवले. धुराडे न पेटवता मांसाला धूर चढावा म्हणून त्यांनी तो थंड करून, द्रव करून बाटलीत विकला.

कोळशाची गोष्ट याच काळातली. 1897 मध्ये एल्सवर्थ झ्वॉयर यांनी कोळशाच्या दाबून केलेल्या वड्यांचे पेटंट घेतले. त्यांना मोठी बाजारपेठ मिळाली ती हेन्री फोर्ड यांच्यामुळे. मोटारींना लागणारे लाकूड मिशिगनमध्ये कापले जाई, तुकड्यांचे ढीग पडत, आणि 1920 च्या दशकात त्या तुकड्यांपासून कोळशाच्या वड्या बनू लागल्या. फोर्डच्या मोटार विक्रेत्यांकडेच त्या मिळत. मला यातली एक गोष्ट फार बोलकी वाटते: ज्या टाकाऊ लाकडातला सुगंध भट्टीत जाळून टाकला, तसेच टाकाऊ लाकूड पुढे पिशव्यांत भरून, सुगंधासाठी म्हणून, विकले जाऊ लागले.

1952 मध्ये शिकागोच्या एका पत्रे-कारखान्यात काम करणारे जॉर्ज स्टीफन यांनी समुद्रात तरंगणाऱ्या बोयाचा धातूचा गोल कापून झाकणाची शेगडी केली. वाऱ्याने राख जेवणावर उडू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. पण झाकण आले की धूर आत कोंडतो, आणि ढलप्यांना अर्थ येतो. उघड्या जाळीवर त्या टाकून फारसे काही हाती लागत नाही.

मग गॅसच्या ग्रिलचा प्रसार झाला आणि उरलासुरला धूरही गेला. तापलेल्या पत्र्यावर चरबी ठिबकून येणारा वास खमंग असतो खरा, पण तो लाकडाचा नव्हे. बर्नरवर ठेवायची बिडाची छिद्रांची डबी किंवा फॉइलची टोचलेली पुडी हे त्यावरचे उत्तर. हवा कमी मिळाली की ढलपी भडकत नाही, धुमसते, आणि चव धुमसण्यात असते. ढलप्या पातळ, म्हणून लवकर पेटतात आणि लवकर संपतात. मुठीएवढा ठोकळा कितीतरी जास्त वेळ पुरतो. थोडक्या वेळाच्या भाजणीला ढलप्या, तासन् तास चालणाऱ्या कामाला ठोकळे.

लाकूड तापले की त्याच्या मुख्य घटकांपैकी हेमिसेल्युलोज आधी फुटते, म्हणजे त्याचे विघटन होते, मग सेल्युलोज. त्यांतून आम्ले आणि गोडसर, करपलेल्या साखरेसारखे वास येतात. लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन सर्वांत उशिरा, साधारण 300 अंश सेल्सिअसच्या पुढे. ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल हे ‘धुराची चव’ म्हणून ओळखले जाणारे फिनॉल त्याचेच. सिरिंगॉल रुंद पानांच्या झाडांच्या धुरात भरपूर मिळते. पाइनसारख्यांत फारसे नाही, शिवाय राळ जळून कडवट काजळी धरते. ओक, हिकरी, सफरचंद, चेरी, अल्डर ही नावे पुन्हा पुन्हा का येतात, याचे उत्तर यात आहे.

ढलप्या तासभर भिजवायची सवय मात्र मला सोडून देण्यासारखी वाटते. पाणी वरच्या थरापलीकडे फारसे मुरत नाही, आणि ते आटेपर्यंत लाकूड 100 अंशांच्या आसपासच अडकून राहते. तोवर झाकणाखाली दिसणारे पांढरे ढग ही बरीचशी वाफ असते. कोरड्या ढलप्या घ्या, हवा आवळा, आणि फिकट निळसर, जेमतेम दिसणारा धूर येऊ लागला की पदार्थ ठेवा. रंग लावलेल्या किंवा रसायने मुरवलेल्या फर्निचरचे तुकडे मात्र कधीही नाहीत; त्यातले विष धुरावाटे थेट पदार्थात जाते.