पालकांचा अपराधभाव आणि आत्मकरुणा

मुलासाठी आपण कमी पडतो, आपल्या हातून त्याचे नुकसान झाले, अशी पालकाच्या मनाला लागून राहणारी टोचणी म्हणजे पालकांचा अपराधभाव. बोलताना लोक सरळ 'गिल्ट येतो' म्हणतात. अशा वेळी स्वतःला दूषणे न देता, त्याच अडचणीत सापडलेल्या जिवलग माणसाशी आपण जसे वागू तसे स्वतःशी वागणे, याला मानसशास्त्रात आत्मकरुणा म्हणतात.

रडणाऱ्या बाळाला पाळणाघरात सोडून लोकल गाठणारी आई, निकालाच्या दिवशी मुलावर हात उगारून रात्रभर जागा राहिलेला बाप, मुलांना आजी-आजोबांजवळ ठेवून ऊसतोडीला गेलेले बीडचे जोडपे, या सगळ्यांची टोचणी वरवर एकच दिसते. पण बापाच्या हातून खरोखर चूक घडली आहे. ऊसतोड कामगाराची मात्र चूक नाही, त्याच्यापुढे दुसरी वाटच नव्हती. हा फरक न करता दोघांनाही 'जाऊ दे, विसर' म्हणणे अन्यायाचे आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हेलन ब्लॉक लुईस यांनी 1971 मध्ये अपराधभाव आणि शरम यांतील भेद मांडला. अपराधभाव कृतीबद्दल असतो, शरम स्वतःच्या संपूर्ण असण्याबद्दल. 'आज मी त्याच्यावर ओरडले, ते चुकले' असे वाटणारी आई मुलाजवळ जाऊन बसते. 'मी आई व्हायच्या लायकीचीच नाही' असे वाटू लागले, की माणूस तोंड लपवतो, चिडतो, नाहीतर नुकसानभरपाई म्हणून खेळणी आणि मोबाइल देत सुटतो. पहिल्या भावनेचा मुलाला उपयोग होतो, दुसरीचा होत नाही.

तज्ज्ञांनीही पालकांवर निष्कारण दोष लादला आहे. मुलाच्या स्वमग्नतेला (ऑटिझम) आईचा थंडपणा कारणीभूत असतो, हे मत अमेरिकेत ब्रूनो बेटलहाइम यांनी 1967 च्या ग्रंथातून जोरात मांडले. स्वतः स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी त्याआधीच, 1964 मध्ये, कारण जैविक असल्याचे प्रतिपादन केले होते. तरीही कित्येक आयांनी हा ठपका वर्षानुवर्षे वाहिला. तेव्हा टोचणी कितीही तीव्र असली, तरी ती दोषाचा पुरावा ठरत नाही.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1953 च्या निबंधात 'पुरेशी चांगली आई' ही कल्पना मांडली. आई सुरुवातीला बाळाची गरज जवळजवळ पूर्ण भागवते आणि मग बाळाला झेपेल तसतशी हळूहळू कमी पडत जाते. या कमी पडण्यातूनच बाळाला बाहेरच्या जगाची ओळख होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या निरीक्षणांतही आई आणि तान्हे बाळ सदैव एका सुरात नसतात, सूर वरचेवर चुकतो असे आढळले. तो पुन्हा जुळणे बाळासाठी महत्त्वाचे असते.

आत्मकरुणेची आजची मांडणी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांची. 2003 मध्ये त्यांनी तिचे तीन घटक सांगितले. स्वतःशी मायेने वागणे, आपल्यासारखेच इतरही चुकतात हे जाणणे आणि दुःखात वाहून न जाता त्याची सजग दखल घेणे. या विचाराचे मूळ बौद्ध परंपरेत आहे. पाली ग्रंथ 'विसुद्धिमग्ग' मैत्रीभावनेचा, म्हणजे सर्वांचे भले चिंतण्याच्या साधनेचा, आरंभ स्वतःपासूनच करायला सांगतो. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरांत शिकवली जाणारी मंगलमैत्री याच परंपरेतली. नेफ आणि मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर गर्मर यांनी आत्मकरुणेचा आठ आठवड्यांचा प्रशिक्षणक्रम तयार केला.

प्रत्यक्षात सराव साधा आहे. छातीवर हात ठेवून 'हे जड जातंय' असे स्वतःला सांगायचे, असे इतर आईबापांनाही होते याची आठवण करायची आणि आत्ता कशाची गरज आहे ते विचारायचे. ज्यांना लहानपणी माया मिळाली नाही, त्यांना यातून आधी रडू कोसळू शकते. तेव्हा वेग कमी करावा.

हे स्वतःचे लाड आहेत, ही शंका आपल्याकडे हमखास निघते. ब्राइन्स आणि चेन या मानसशास्त्रज्ञांच्या 2012 च्या प्रयोगात मात्र चाचणीत कमी पडल्यावर स्वतःकडे करुणेने पाहायला सांगितलेल्यांनी पुढच्या चाचणीसाठी अधिक वेळ अभ्यास केला. पालकाच्या बाबतीतही चूक कबूल करायला धीर लागतो. 'मघाशी मी ओरडलो, तुझी चूक नव्हती' हे लेकराला सांगायचे, तर आधी स्वतःला दूषणे देणे थांबवावे लागते.

मात्र आत्मकरुणा ही पाळणाघराला पर्याय नव्हे. मातृत्व लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने मातृत्व रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे झाली आणि 50 वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे झाले. असंघटित क्षेत्रातल्या बहुसंख्य आया मात्र या लाभांबाहेरच राहिल्या. त्यांच्या टोचणीवर केवळ श्वासाचे व्यायाम सुचवणे अपुरे आहे.

बाळंतपणानंतर ही टोचणी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप-भूक उडाली किंवा 'माझ्याशिवाय बाळाचं बरं होईल' असे विचार येऊ लागले, तर ते नैराश्य असू शकते. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे लगेच जावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर उपलब्ध आहे.