एटीसी भरती: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज करताना सांभाळायच्या गोष्टी

भारतीय विमानतळ प्राधिकरण (एएआय) 'ज्युनियर एक्झिक्युटिव्ह (एअर ट्रॅफिक कंट्रोल)' पदाची जाहिरात काढतं, तेव्हा त्यातल्या अटी अनेकांना जाचक वाटतात. आधी काम पाहा: जमिनीवरून सूचना देऊन विमानांना एकमेकांपासून सुरक्षित अंतरावर ठेवणं. रडारवर दिसणाऱ्या दोन विमानांमध्ये साधारणपणे ५ सागरी मैल, विमानतळाजवळ ३ मैल, नाहीतर उंचीत किमान १,००० फूट अंतर लागतं. यातलं एकही उरलं नाही, तर तो 'लॉस ऑफ सेपरेशन' ठरतो आणि चौकशी होते.

१२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीजवळ सौदिया या सौदी अरेबियाच्या कंपनीचं विमान १४,००० फुटांवर होतं. समोरून येणाऱ्या कझाकस्तानच्या विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, तरी ते खाली आलं. ३४९ जणांचा जीव गेला. कझाक वैमानिकांचं इंग्रजी तोकडं पडल्याचंही चौकशीत पुढे आलं. म्हणूनच या भरतीत आवाजाची चाचणी असते आणि दहावी किंवा बारावीला इंग्रजी विषय उत्तीर्ण असणं मागतात. वैमानिक प्रत्येक सूचना परत म्हणून दाखवतो. 'वन फोर झिरो' (म्हणजे १४,००० फूट) सांगितलं आणि उलट 'वन फाइव्ह झिरो' ऐकू आलं, तर नियंत्रकाला तिथल्या तिथे टोकावं लागतं.

शिक्षणाची अट अशी: भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन पूर्णवेळ बीएस्सी, किंवा कोणत्याही शाखेची पूर्णवेळ इंजिनिअरिंग पदवी. इंजिनिअरिंगवाल्यांच्या एखाद्या तरी सेमिस्टरला हे दोन्ही विषय हवेत, त्यामुळे सगळ्या गुणपत्रिका जपून ठेवा. वयोमर्यादा २७ वर्षं. ओबीसींना ३ आणि एससी-एसटींना ५ वर्षं सवलत.

आपल्याकडची मुलं अडकतात ती जातीच्या दाखल्यापाशी. राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र इथे चालत नाही. केंद्र सरकारच्या नमुन्यातलं वेगळं काढावं लागतं. 'आपले सरकार'वर किंवा सेतू केंद्रात अर्ज करतानाच तसं स्पष्ट सांगा. व्हीजेएनटी किंवा एसबीसी असाल, तर आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते आधी बघा. एसईबीसी आरक्षण केंद्राच्या भरतीत लागू नाही. कुटुंबाचं उत्पन्न आणि मालमत्ता निकषात बसत असेल, तर ईडब्ल्यूएस दाखला काढता येतो, पण तो चालू आर्थिक वर्षाचाच हवा. जाहिरात आल्यावर तहसीलला धावपळ करण्यापेक्षा हे आधीच उरकून घ्या, कळकळीची विनंती आहे.

अर्ज फक्त एएआयच्या संकेतस्थळावरच्या करिअर विभागातून, ऑनलाइन. फोटो, सही आणि दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे नाव. अलीकडच्या भरतीत शुल्क १,००० रुपये होतं. महिला, एससी-एसटी आणि दिव्यांग उमेदवारांना माफ. संगणकावर परीक्षा होते, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पुढे कागदपत्र पडताळणी, आवाज, मानसशास्त्रीय आणि अमली पदार्थांची चाचणी, मग वैद्यकीय तपासणी. त्यात दृष्टी, रंगज्ञान आणि ऐकणं बारकाईने बघतात, तेव्हा डोळे आधीच तपासून घेतलेले बरे.

निवडीनंतरच्या प्रशिक्षणाची केंद्रं प्रयागराज, हैदराबाद आणि आपल्या गोंदियाला आहेत. तिथून नेमणुकीच्या ठिकाणी गेल्यावरही लगेच माइक हातात मिळत नाही. आधी अनुभवी नियंत्रकाच्या देखरेखीखाली काम करायचं, त्या जागेचं रेटिंग, म्हणजे तिथे स्वतंत्रपणे काम करायची पात्रता, मिळवायचं. बदली झाली की नव्या ठिकाणचं रेटिंग पुन्हा घ्यावं लागतं.