करिअर मार्गदर्शक (सोलापूर)

शिक्षण वा कामधंदा निवडताना, आणि चालू धंदा बसल्यावर दुसरा शोधताना, माणसाला मदत करणारी प्रशिक्षित व्यक्ती. जुना मराठी शब्द ‘व्यवसाय मार्गदर्शक’. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली बोस्टनमध्ये काढलेल्या केंद्रापासून या व्यवसायाचा आरंभ मानतात. माणूस ओळखा, कामे ओळखा, दोहोंची सांगड घाला, ही त्यांची मांडणी. तिच्यात कामे जागच्या जागी राहतील असे गृहीत धरले आहे.

सोलापुरात ती राहिली नाहीत. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल, पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्या. भोंग्यावर शहराचा दिवस चाले. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. चादर-टॉवेलच्या जोडीला गणवेश शिलाई वाढली. हजारो बायका आजही घरी विड्या वळतात.

अशा गावात मार्गदर्शकाचे खरे काम दहावीच्या मुलाची कल चाचणी घेण्यापुरते नसते. वीस वर्षे माग चालवलेला कामगार ‘मला दुसरं काही येत नाही’ म्हणतो. त्याला बरेच येते: तुटलेला धागा नजरेने टिपणे, आवाजावरून यंत्राचा बिघाड ओळखणे, पाळी सांभाळणे. हे कसब वेगळे काढून त्याला नव्या कामाच्या भाषेत नाव देणे, ही या व्यवसायातील सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्लक्षित बाजू आहे. पूर्वानुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. मात्र तिथपर्यंत माणसाला नेणारे कोणी तरी लागते.

सरकारी यंत्रणाही बदलली. १९५९ च्या कायद्याने मालकांना ज्याच्याकडे रिक्त जागा कळवणे बंधनकारक झाले, ते सेवायोजन कार्यालय म्हणजे पूर्वी नावनोंदणीची रांग. आता त्याच्या जागी कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असून नोंदणी ऑनलाइन होते. २०१५ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय करिअर सेवाही आहे.

शहराच्या पूर्व भागातील पद्मशाली या विणकर समाजाच्या घरांत तेलुगू बोलली जाते, इतर वस्त्यांत कानडी आणि उर्दूही. तिथे मार्गदर्शकाला त्या घरची भाषा यावी लागते. विडी वळणाऱ्या बाईला तिची वळण्याची आणि कारखान्यात माल देण्याची वेळ सोडूनच भेटावे लागते, नाहीतर त्या दिवसाची मजुरी बुडते.