काचेखाली दोन काटे: घरच्या स्मार्ट वजनकाट्याची पार्श्वभूमी

अनवाणी पायांनी काचेवर उभं राहिलं की पाच-सात सेकंदांत मोबाइलवर डझनभर आकडे उतरतात: वजन, चरबी, स्नायू, पाणी, हाडं, पोटातली चरबी, एवढंच काय, 'शरीराचं वय'सुद्धा. यातले प्रत्यक्ष मोजलेले आकडे दोनच. एक वजन, दुसरा पायांतून जाणाऱ्या विजेला होणारा विरोध. बाकी सगळी आकडेमोड. ही दोन मोजमापं वेगवेगळ्या घराण्यांतली आहेत. पहिलं घराणं जुनं आणि भरवशाचं आहे, दुसरं तरुण आणि बोलभांड. हे कळलं की कुठल्या आकड्याकडे रोज पाहायचं आणि कुठला सोडून द्यायचा ते आपोआप ठरतं.

आपल्याकडे माणूस तोलला जायचा तो दानासाठी. 1674 साली रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांची तुला झाली, आणि गोव्यातल्या देवळांत नवसाचा तुळाभार अजून होतो. तिथे पारडी समतोल झाली की काम संपलं, आकडा लिहून ठेवायचं कारणच नाही. तब्येतीसाठी स्वतःला रोज तोलून नोंद ठेवायची कल्पना इटलीतल्या पादुआ विद्यापीठाशी जोडलेल्या सांतोरिओ सांतोरिओ या वैद्याची. त्याने मोठ्या तराजूला टांगलेली खुर्ची करून घेतली आणि वर्षानुवर्षं स्वतःचं, खाण्यापिण्याचं आणि मलमूत्राचं वजन केलं. 1614 मध्ये निष्कर्ष छापले. दिवसात आठ पौंड अन्नपाणी पोटात गेलं तर त्यातलं सुमारे पाच पौंड न दिसणाऱ्या घामावाटे आणि श्वासावाटे निघून जातं, असं त्याचं म्हणणं. प्रमाण आज तसंच्या तसं धरता येत नाही, पण मुद्दा खरा होता. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर वजन केलं तर मध्ये काही न करताही तीन-चारशे ग्रॅम कमी भरतात, ते याच वाटेने गेलेले.

तराजूला वजनं लागतात, म्हणून तो घरात मावत नव्हता. स्प्रिंग किती ताणली यावरून भार कळतो हा नियम रॉबर्ट हूकने 1678 मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे स्प्रिंगचे काटे आले. जुना गोल तबकडीचा बाथरूम काटा याच जातीचा. आत स्प्रिंग आणि तरफा, बाहेर शून्य जुळवायचं चाक. त्याचं दुखणंही स्प्रिंगचंच: वापरून ती सैल पडते आणि कुणी न उभं राहताही काटा किलोभर पुढे दिसतो. स्टेशनवरचं ते लुकलुकत्या दिव्यांचं यंत्र, नाणं टाकलं की वजन आणि भविष्य एकाच पुठ्ठ्याच्या तिकिटावर देणारं, आपल्यापैकी अनेकांचा वजनाशी पहिला परिचय असेल. (भविष्य आणि वजन एकत्र छापायची ती सवय आजच्या ॲपनेही सोडलेली नाही.)

आजच्या काट्यात स्प्रिंग नाही. 1938 मध्ये अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रुगे या दोघांनी स्वतंत्रपणे ताणमापक पट्टी तयार केली. धातूची बारीक तार किंवा पत्रा ताणला की त्याचा विद्युतरोध किंचित वाढतो, तो मोजायचा. घरच्या काट्याच्या चारही पायांत असा एकेक लोड सेल असतो: पोलादाचा छोटा तुकडा, त्यावर चिकटवलेली पट्टी, बाहेर येणाऱ्या तीन वायरी. चारही मिळून एक व्हीटस्टन सेतू होतो, म्हणजे रोधातला बारीकसा फरक व्होल्टेजमध्ये दाखवणारी जोडणी. तुम्ही पूर्ण भार टाकता तेव्हा त्यातून जेमतेम काही मिलिव्होल्ट निघतात. ते वाचून आकडा करणारी चिप आता इतकी स्वस्त झाली आहे की साध्या काट्यातही शंभर ग्रॅमपर्यंतचा फरक दिसतो.

बिघडतं ते बहुधा जमिनीमुळे. चारही पाय कडक, सपाट जागी टेकले पाहिजेत. एक पाय टाइल्सच्या सांध्यात गेला की भाराची दिशा तिरकी होते. पायपुसण्यावर किंवा सतरंजीवर काटा ठेवला तर पाय रुततात, तळ जमिनीला लागतो आणि थोडा भार लोड सेलला चुकवून खाली जातो, म्हणून वजन कमी दिसतं. दुसरी चूक शून्याची. काटा जागा होताना त्या क्षणीच्या स्थितीला शून्य समजतो. जागा बदलल्यावर पायाने ढोसून लगेच वर चढलात तर शून्यच चुकतो. एकदा दाबा, पाय काढा, 0.0 दिसून दिवा विझू द्या, मग चढा. काही काटे तर आणखी चलाख असतात. नवं वजन आधीच्याच्या जवळपास आलं की जुनाच आकडा पुन्हा दाखवतात, म्हणजे गिऱ्हाइकाला काटा 'स्थिर' वाटतो. हे ओळखायला पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली हातात घेऊन चढा, मग न घेता. फरक एक किलोच्या आसपास आला पाहिजे.

दुकानदाराच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो, घरचा काटा तपासायला कुणी येत नाही. पण घरात एक बऱ्यापैकी प्रमाणित वजन असतं: सील न फोडलेला गॅस सिलिंडर. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच कोरलेलं असतं, त्यात 14.2 किलो गॅस मिळवा. काचेवर जाड कापड घालून आधी त्याच्यासकट शून्य घ्या आणि सिलिंडर अलगद मधोमध उभा ठेवा. शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक चालेल, अर्धा किलो नाही. परदेशातून आणलेल्या काट्याबद्दल एक गंमत: लोड सेल वस्तुमान नव्हे, ओढ मोजतो, आणि गुरुत्वाकर्षण लंडनपेक्षा मुंबईत सुमारे पाव टक्का कमी आहे. सत्तर किलोच्या माणसाला दोनएकशे ग्रॅमची फुकट सूट मिळते.

आता दुसरं घराणं. वजनावरून जाडी कळत नाही हे अमेरिकी नौदलातल्या आल्बर्ट बेन्के या डॉक्टरने 1942 मध्ये दाखवून दिलं. त्याने व्यावसायिक फुटबॉल खेळाडूंना पाण्याखाली तोललं. उंची-वजनाच्या तक्त्यानुसार त्यातले बरेचसे 'लठ्ठ' म्हणून सैन्याला नालायक ठरत होते. प्रत्यक्षात त्यांच्या अंगात चरबी कमी आणि स्नायू जास्त होता. पण पाण्याच्या टाकीत कोण रोज बुडी मारणार? 1960 च्या दशकात फ्रान्समध्ये थोमासे यांनी वेगळा रस्ता धरला: शरीरातल्या पाण्यातून वीज वाहते, चरबीतून फारशी नाही. त्यांनी त्वचेखाली सुया टोचून रोध मोजला. पुढे सुया जाऊन इलेक्ट्रोडच्या, म्हणजे वीज सोडणाऱ्या आणि वाचणाऱ्या, चिकटपट्ट्या आल्या. माणसाला आडवं झोपवून मनगटापासून घोट्यापर्यंत मोजायचं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तानिता कंपनीने हे इलेक्ट्रोड थेट वजनकाट्यावर आणले, आणि दोन घराणी एका काचेखाली नांदू लागली.

काचेवरच्या चार धातूच्या पट्ट्या म्हणजे तेच इलेक्ट्रोड. एका जोडीतून मिलिॲम्पियरपेक्षाही कमी प्रवाह, साधारण 50 किलोहर्ट्झचा, सोडतात आणि दुसऱ्या जोडीतून व्होल्टेज वाचतात. प्रवाह एका पायाने चढतो, ओटीपोटातून वळतो आणि दुसऱ्या पायाने उतरतो. वरचं पोट, छाती, हात यांना तो भेटतच नाही. इतका कमी प्रवाह जाणवतही नाही, पण पेसमेकर असलेल्यांनी यावर उभं राहू नये. नुसतं वजन करायची सोय असेल तर तेवढीच वापरावी.

पुढचं गणित असं. रोध, उंची, वजन, वय, लिंग यांवरून सूत्र शरीरातलं पाणी काढतं. चरबी सोडून उरलेल्या शरीरात सुमारे 73 टक्के पाणी असतं असं धरतात, म्हणून पाण्याला 0.73 ने भागायचं. उरलं ते चरबी. सत्तर किलोच्या माणसात 38 किलो पाणी धरलं तर चरबीविरहित भाग 52 किलो आणि चरबी 18 किलो, म्हणजे साधारण 25.6 टक्के. पाण्याचा अंदाज एकाच किलोने चुकून 37 झाला की चरबी थेट 27.6 टक्के. जुलाब झाले, उपास घडला, उन्हातून आलात, की रोध वाढतो आणि काटा सांगतो चरबी वाढली. गरम पाण्याने अंघोळ करून आलात की ती 'कमी' होते. तांब्याभर पाणी पिऊन लगेच चढलात तर वजन वाढतं, रोध जवळपास तोच राहतो, आणि पाण्याचा बराचसा हिशेब चरबीच्या खात्यात पडतो. टाचांच्या भेगा आणि कोरडी कातडी रोधात भर घालतात ती वेगळी. म्हणून तळपाय ओलसर फडक्याने पुसून, पट्ट्यांवर टाच आणि चवडा नीट टेकवून उभं राहावं.

मराठी वाचकाला जवळची गोष्ट पुढची आहे. 2004 मध्ये पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच दाखला दिला. दोघांचा बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) सारखा, 22.3. क्ष-किरणांच्या डेक्सा तपासणीत युडकिन यांची चरबी 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिकांची 21.2. त्याआधी याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या बाळांशी ताडून पाहिली होती. आपली बाळं वजनाने बरीच हलकी, पण त्या मानाने चरबी राखून असलेली. अंगकाठी बारीक, आत चरबी, तीही मध्यभागी. आता काट्यातला प्रवाह आठवा: तो पायांतूनच जातो. काडीसारखे पाय आणि सुटलेलं पोट ही आपल्याकडची ठरलेली मूर्ती त्याला दिसतच नाही. त्यातून सूत्र कुठल्या देशातल्या माणसांवर बेतलं हे कंपन्या सहसा सांगत नाहीत. अशा काट्यावर 'पोटातली चरबी' म्हणून जो आकडा येतो त्यापेक्षा शिंप्याची टेप खरी. भारतीयांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 80 सेंटिमीटर आहे. बीएमआयची पातळीही आपल्यासाठी 25 नव्हे, 23 पासून सावध व्हायची. ॲप मात्र पुष्कळदा 25 चीच रेघ दाखवतं.

'स्मार्ट' हा भाग सर्वांत अलीकडचा. फ्रान्सच्या विदिंग्ज कंपनीने 2009 मध्ये वायफाय असलेला काटा आणला, नंतर कमी वीज खाणारं ब्लूटूथ फोनांत आल्यावर स्वस्त काट्यांची रीघ लागली. ब्लूटूथवाला काटा ॲप उघडं असेल तरच बोलतो. वायफायवाला स्वतःच नोंद पाठवतो, पण बहुतेकदा वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच. राउटर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ हे दोन्ही पट्टे एकाच नावाने देत असेल तर जोडणी अडकते, तेव्हा 5 गिगाहर्ट्झ तात्पुरतं बंद करावं. घरातल्या माणसांना काटा वजनावरून ओळखतो. दोघांत दोन-तीन किलोंचाच फरक असला की आईची नोंद मुलीच्या नावावर पडते, ती हाताने बदलावी लागते.

रोज वजन करायचं तर सकाळी उठून, लघवी-शौचानंतर, पाणी पिण्याआधी, त्याच फरशीवर. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. त्याऐवजी कल, म्हणजे चढउतार सपाट करणारी चालू सरासरी, ठेवा. आजचं वजन आणि आदल्या दिवसाचा कल यांतल्या फरकाचा दहावा हिस्सा त्या कलात मिळवत जा: कल 72.0 असताना लग्नाच्या जेवणानंतर काटा 73.0 दाखवत असेल तर नवा कल 72.1. चरबीच्या टक्क्याकडे महिन्यातून एकदा, तेही त्याच काट्यावर त्याच वेळी, पाहिलं तर पुरे. काटा बदलला की तो आलेख नव्याने सुरू करायचा, कारण सूत्रच बदललं.

आणि नोंदींची एक प्रत स्वतःकडे ठेवा. विदिंग्ज 2016 ते 2018 या काळात नोकियाच्या मालकीची होती. जानेवारी 2018 मध्ये तिच्या महागड्या काट्यातली नाडीच्या लहरीचा वेग (रक्तवाहिन्या किती ताठर झाल्या याचा अंदाज देणारा) मोजायची सोय एका अपडेटने काढून टाकण्यात आली, तिला वेगळ्या दर्जाची शासकीय मान्यता लागू शकते या कारणाने. काटा लोकांच्या घरातच होता, फक्त तो आकडा येईनासा झाला. अनेक ॲपच्या सेटिंगमध्ये नोंदी सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फाइलमध्ये उतरवून घ्यायची सोय असते. काटा विकत घेण्याआधीच ती आहे का पाहावी.