सिंगापूर अडलं ते जागेपायी नव्हे

रामबागेपासून सुदामानगरपर्यंत इंदूरच्या मराठी घरांत एक समज पक्का बसलाय: सिंगापूरची जागा संपली, म्हणून त्यांनी डेटा सेंटरवर, म्हणजे इंटरनेटचा डेटा सांभाळणाऱ्या संगणकांच्या (सर्व्हरच्या) इमारतींवर, कायमची बंदी घातली, आपल्या सुपर कॉरिडॉरला, शहराच्या नव्या विकासपट्ट्याला, जमीनच जमीन, तेव्हा सगळं इकडेच येणार. प्लॉट विकणाऱ्यांना हा समज भलताच सोयीचा!

बंदी कायमची नव्हतीच. २०१९ मध्ये नव्या परवानग्या थांबल्या, २०२२ मध्ये पुन्हा अर्ज मागवले, २०२३ मध्ये चार अर्जदारांना मिळून सुमारे ८० मेगावॉट क्षमतेची परवानगी मिळाली. २०२४ च्या आराखड्यात आणखी किमान ३०० मेगावॉट आहेत. जागेचं म्हणाल, तर तिथे अकरा मजली डेटा सेंटर उभं आहे. अडचण विजेची. २०२० मध्ये देशाची सुमारे ७ टक्के वीज डेटा सेंटरच खात होती, आणि तिथली बहुतेक वीज नैसर्गिक वायूवर बनते.

भाड्याच्या सेंटरमध्ये तर आणखी गुंता: सर्व्हर भाडेकरूंचे, थंडावा मालकाचा. एकट्या मालकाने काटकसर करून भागत नाही. थंडाव्यालाही वीज लागते, पण खोली गारठलेलीच हवी हेही खरं नाही. २६ अंश आणि त्याहून जास्त तापमानावर सेंटर चालवण्यासाठी सिंगापूरने २०२३ मध्ये मानक आणलं.

इंदूरला नर्मदेचं पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून पंपाने चढवून आणावं लागतं. त्या विजेचा भार हलका करायला महापालिकेने २०२३ मध्ये हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठी गुंतवणूकदारांकडून घेतलेलं कर्ज) काढून ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला. पाण्यावर थंड होणारं सेंटर इथे येणार असेल, तर जमिनीचा खसरा (सर्व्हे) नंबर नंतर बघू. आधी पाणी आणि वीज कुठून, ते विचारा.